सोळा वर्षांची प्रतीक्षा आणि एका नटाची गोष्ट

सिनेमाच्या तिकिटासाठी रांगेत उभे राहणे आपल्याला नवीन नाही. पाळी संपवून थेट थिएटर गाठायचे, खिडकी उघडेपर्यंत ताटकळायचे आणि नेमके पुढच्या माणसाला तिकीट मिळाल्यावर हाऊसफुल्लची पाटी लागायची, हा अनुभव आपल्यातल्या पुष्कळांनी घेतलेला आहे. पण एका सिनेमासाठी माणसांनी फुटपाथवर तब्बल सहा आठवडे मुक्काम ठोकला, असे सांगितले तर विश्वास बसेल का?

ही गोष्ट आहे १९९९ सालच्या एप्रिल महिन्यातली. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात हॉलिवूड बुलेव्हार्ड नावाचा रस्ता आहे. तिथल्या जुन्या आणि नावाजलेल्या चायनीज थिएटरच्या बाहेर काही तरुण-तरुणींनी खुर्च्या मांडल्या, पथाऱ्या पसरल्या आणि रांग धरली. सिनेमा लागणार होता १९ मे रोजी. तिकीटविक्री सुरूसुद्धा झालेली नव्हती. तरी ही मंडळी पाळ्या लावून रात्रंदिवस बसली. रिकामे बसण्यापेक्षा काही चांगले घडावे म्हणून त्यांनी आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला निधीही जमवून दिला. जाणारे-येणारे हसत होते, वर्तमानपत्रवाले फोटो काढत होते. रांगेतल्या मंडळींना त्याचे काही नव्हते. ते एका सिनेमाच्या पुढच्या भागाची सोळा वर्षे वाट पाहत होते. सोळा वर्षांपुढे सहा आठवडे ते काय!

त्या सिनेमाचे नाव 'स्टार वॉर्स : द फँटम मेनेस'. त्याची वाट कशी पाहिली गेली, तो आल्यावर काय झाले आणि त्यात एका होतकरू कृष्णवर्णीय नटाची कशी फरफट झाली, ही हकिकत आपल्या घराघरांत वाचली जावी असे वाटते. ही नुसती सिनेमाची बातमी नाही. प्रेम करणारा जमाव रागावला की काय करतो, याची ही गोष्ट आहे.

मूळ कथा कोणती?

ज्यांनी हे सिनेमे पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जॉर्ज लुकास नावाच्या तरुण दिग्दर्शकाने १९७७ साली 'स्टार वॉर्स' काढला. दूरच्या आकाशगंगेत एक जुलमी साम्राज्य असते. त्याच्याविरुद्ध मूठभर बंडखोर लढत असतात आणि एक साधा शेतावर वाढलेला पोरगा त्या लढ्यात उतरतो, अशी ती कथा. खर्च सुमारे १ कोटी १० लाख डॉलर. सिनेमा चालेल असा भरवसा फारसा कुणाला नव्हता. २५ मे १९७७ रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा अख्ख्या अमेरिकेत अवघ्या तीस-बत्तीस थिएटरांना तो लावावासा वाटला. पण लोक एकदा पाहून परत रांगेत उभे राहू लागले आणि बघता बघता त्याने आधीचे सगळे विक्रम मोडले.

पुढचे भाग १९८० आणि १९८३ साली आले. त्यानंतर मात्र सगळे थांबले. दहा वर्षांचा मुलगा सव्वीस वर्षांचा झाला, नोकरीला लागला, त्याचे लग्न झाले, तरी नवा सिनेमा नाही. या काळात त्याच्यापाशी काय होते? जुन्या सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेटी, खेळण्यातले सैनिक, चित्रकथा आणि कादंबऱ्या. मित्रांशी वाद घालत, पुढे काय झाले असेल, आधी काय झाले असेल, याची जुळवाजुळव करत ही पिढी वाढली. म्हणजे नवा सिनेमा पडद्यावर येण्याआधीच प्रत्येकाने आपापल्या मनात तो एकदा काढून झालेला होता.

१९९७ साली जुने तिन्ही सिनेमे डागडुजी करून पुन्हा लावले गेले, तेव्हा थिएटरे पुन्हा भरली. पाठोपाठ लुकासने स्वतः नवा सिनेमा दिग्दर्शित करायला घेतला. १९७७ नंतर तो प्रथमच दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसत होता. हा सिनेमा आला चौथा, पण कथेच्या क्रमाने पहिला. जुन्या सिनेमातला काळ्या मुखवट्याचा खलनायक डार्थ वेडर लहानपणी कसा होता, इथून ती कथा सुरू होणार होती.

ट्रेलरसाठी पूर्ण तिकीट

१९९८ च्या नोव्हेंबरमध्ये या सिनेमाचा पहिला ट्रेलर आला, जेमतेम दोन मिनिटांचा. तो दुसऱ्याच सिनेमांच्या आधी दाखवला जात होता. त्यांपैकी एक 'मीट जो ब्लॅक', चांगला तीन तासांचा. लोकांनी काय करावे? त्या सिनेमाचे पूर्ण तिकीट काढले, दोन मिनिटांचा ट्रेलर पाहिला आणि मूळ सिनेमा सुरू होताच उठून चालते झाले!

पुढे मार्च १९९९ मध्ये दुसरा ट्रेलर इंटरनेटवर आला. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून कासवगतीने चालणारे इंटरनेट होते. एवढासा ट्रेलर उतरवून घ्यायला कित्येक तास लागत. तरीही लाखो लोकांनी तो उतरवून घेतला. ३ मे रोजी मध्यरात्री दुकाने उघडून सिनेमातली खेळणी विकायला काढली गेली, तेव्हा मुलांपेक्षा मोठ्या माणसांचीच गर्दी जास्त होती.

एका सल्लागार कंपनीने तर असा अंदाज काढला की, पहिल्या दिवशी सुमारे २२ लाख कामगार-कर्मचारी कामावर दांडी मारतील आणि मालकांचे २९ कोटी ३० लाख डॉलरचे नुकसान होईल. हिशेब केला तर माणशी साधारण १३३ डॉलर पडतात. काही कंपन्यांनी शहाणपणा करून त्या दिवशी सुट्टीच देऊन टाकली. असल्या अंदाजांवर कितपत विसंबायचे हा प्रश्न आहेच. शिवाय हा हिशेब मालकाच्या बाजूचा. त्या रात्री जागून तिकिटे फाडणारा, मक्याच्या लाह्या विकणारा, खेळ संपल्यावर खुर्च्यांखालचा कचरा काढणारा कामगार कुठल्याच अंदाजात आला नाही. सिनेमा पाहण्यासाठी दांडी मारणे हीसुद्धा प्रत्येकाला परवडणारी गोष्ट नसते.

पडदा उघडला आणि...

१९ मे १९९९. मध्यरात्री बाराच्या ठोक्यानंतर पहिले खेळ सुरू झाले. दिवे मालवले, ओळखीचे संगीत सुरू झाले, पिवळी अक्षरे पडद्यावर वर सरकू लागली आणि लोक खुर्च्यांवरून उठून ओरडले. काहींना रडू कोसळले. लहानपण परत मिळाले, असे त्यांना वाटले असणार.

त्या एका दिवसाची अमेरिकेतली कमाई २ कोटी ८५ लाख डॉलरच्या घरात गेली. त्या वेळच्या भावाने सुमारे १२० कोटी रुपये! सिनेमाला एकूण खर्च आला होता साडेअकरा कोटी डॉलर आणि त्या फेरीत जगभरातून मिळाले ९२ कोटी डॉलरहून अधिक. वहीखात्याच्या हिशेबाने पाहिले तर हा सिनेमा म्हणजे निर्भेळ यश.

पण प्रेक्षकाचे मन वहीखात्यात मावत नाही. पहिल्या काही दिवसांचा जल्लोष ओसरला आणि कुरबुर सुरू झाली. कथेत व्यापार, कर आणि संसदेतल्या चर्चाच फार. संवाद कोरडे. आणि मुख्य तक्रार अशी की, हा सिनेमा लहान मुलांसाठी केल्यासारखा वाटतो. लुकास सांगत आला आहे की, हे सिनेमे बारा वर्षांच्या मुलांसाठीच आहेत. गंमत पाहा, मूळ सिनेमा पाहिला तेव्हा हे प्रेक्षक त्याच वयाचे होते. मधल्या काळात ते मोठे झाले, सिनेमा मात्र तिथेच राहिला. आपले बालपण जसेच्या तसे परत द्या, अशी त्यांची मागणी होती. ती कोण पुरी करणार?

निराश होण्याचा हक्क प्रत्येक प्रेक्षकाला आहे. घामाचे पैसे देऊन तिकीट काढणाऱ्याने 'मला हे आवडले नाही' असे ठणकावून म्हणावे, त्यात गैर काही नाही. गैर घडले ते पुढेच.

जार जार नावाचे पात्र

या सिनेमात जार जार बिंक्स नावाचे एक विनोदी पात्र आहे. लांब कानांचे, उंच, धडपडणारे, तोडकीमोडकी भाषा बोलणारे. ते पडद्यावर दिसते ते संगणकावर घडवलेले. पण त्याच्या मागे खराखुरा माणूस होता, अहमद बेस्ट. पंचविशीतला आफ्रिकन-अमेरिकन कलावंत. डबे, झाडू, पिंपे बडवून ताल धरणाऱ्या 'स्टॉम्प' नावाच्या रंगमंचीय कार्यक्रमात तो काम करीत असे. तिथली त्याची चपळाई पाहून त्याला या भूमिकेसाठी बोलावले गेले.

त्याने काय करायचे होते? पात्राचा पोशाख आणि डोक्यावर मुखवट्यासारखी टोपी घालून प्रत्यक्ष नटांबरोबर अभिनय करायचा. मग शरीराच्या हालचाली टिपणारी यंत्रे अंगाला लावून तेच पुन्हा करायचे. आवाजही त्याचाच. त्या हालचालींवरून तंत्रज्ञांनी संगणकावर पात्र उभे केले. जित्याजागत्या नटांबरोबर सिनेमाभर वावरणारे, पूर्णपणे संगणकावर घडवलेले एवढे मोठे पात्र त्याआधी जवळजवळ कुणी केलेले नव्हते. पुढे २००२ साली 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गॉलमचे आणि २००९ साली 'अवतार'चे जगभर कौतुक झाले. त्या वाटेवरचा काटाकुटा आधी तुडवला तो अहमद बेस्टने.

पण त्याच्या वाट्याला आले काय? सोळा वर्षांच्या अपेक्षाभंगाचा सगळा राग त्या एका पात्रावर निघाला. इंटरनेट नुकतेच घरोघरी पोचत होते. जार जार मेला पाहिजे, अशी मागणी करणारी पानेच्या पाने तिथे उघडली गेली. दूरचित्रवाणीवर टिंगल सुरू झाली. वर्षातल्या वाईट कामांची थट्टा करणारा एक पुरस्कार अमेरिकेत दिला जातो. त्यात सर्वात वाईट सहाय्यक अभिनेता म्हणून त्याचे नाव जाहीर झाले.

दुसऱ्या बाजूने काही समीक्षकांनी गंभीर आक्षेप घेतला. या पात्राची भाषा कॅरिबियन बेटांवरच्या काळ्या माणसांच्या बोलीसारखी वाटते, त्याचे वागणे जुन्या अमेरिकन सिनेमांतल्या बावळट काळ्या नोकरासारखे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. निर्मात्यांनी हे साफ नाकारले. हा आक्षेप विचार करण्यासारखा होता. एखाद्या समाजाच्या बोलण्याच्या ढबीवर हशा वसूल करणे म्हणजे काय असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. शाळेत, कचेरीत, नाटक-सिनेमात आपण ते पाहत आलो आहोत. परंतु प्रश्न असा की, त्याचा जाब कुणाला विचारायचा? पात्र लिहिणाऱ्याला की ते वठवणाऱ्या नव्या पोराला? इकडे चाहते त्याला सिनेमा बिघडवला म्हणून झोडत होते, तिकडे त्याच्यावरच आपल्या लोकांची चेष्टा केल्याचा ठपका येत होता. लुकासचे साम्राज्य शाबूत राहिले. मार बसला तो सर्वात कमकुवत माणसाला.

२००२ सालच्या पुढच्या भागात जार जारचे काम अगदी कमी केले गेले.

त्याच सिनेमात लहानग्या अनाकिनचे काम करणारा जेक लॉइड चित्रीकरणाच्या वेळी आठ-नऊ वर्षांचा होता. शाळेतली मुले सिनेमावरून आपल्याला सतत चिडवत असत आणि शाळेचे दिवस त्यामुळे नकोसे झाले, असे त्याने २०१२ साली एका मुलाखतीत सांगितले. लहान मुलाने पाठ केलेले संवाद लिहिले होते मोठ्यांनी. चिडवले गेले मात्र त्याला.

पुलावरची हकिकत

अहमद बेस्ट जवळजवळ वीस वर्षे याविषयी जाहीरपणे फारसे बोलला नाही. मग जुलै २०१८ मध्ये त्याने एक फोटो लोकांसमोर ठेवला. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल दिसतो आहे, शेजारी त्याचा लहान मुलगा. त्याने लिहिले होते ते थोडक्यात असे : त्या वेळच्या टीकेचे परिणाम आपल्या कामावर अजूनही होत आहेत. याच जागी आपण जीव द्यायच्या टोकाला पोचलो होतो. आज हा मुलगा हेच जगून राहिल्याचे आपले सर्वात मोठे देणे आहे.

हे वाचून जगभरचे चाहते हादरले. ज्यांनी १९९९ साली हसत हसत शिव्या लिहिल्या होत्या ते तोवर चाळिशीला पोचले होते, त्यांची स्वतःची मुले शाळेत जात होती. अनेकांनी माफी मागितली. संगणकावरच्या पात्रामागे एक हाडामांसाचा माणूस आहे, हे कळायला वीस वर्षे लागली!

इथे एक उलट उदाहरण सांगितले पाहिजे. २००० सालानंतर एका संकलकाने हाच सिनेमा स्वतःच्या आवडीप्रमाणे कापून, जार जारचे प्रसंग कमी करून एक नवी प्रत तयार केली. ती हातोहाती फिरली आणि तिची खूप चर्चा झाली. मालकीहक्काच्या दृष्टीने ते योग्य की अयोग्य हा निराळा वाद. पण ती टीका कामावर होती. सिनेमा कुठे लांबला, कुठे घसरला, हे त्याने कात्री चालवून दाखवले. कुणाला मरायला सांगितले नाही.

पुन्हा तेच

यातून लोक शिकले का? २०१२ साली डिस्ने कंपनीने लुकासची कंपनी ४०५ कोटी डॉलरला विकत घेतली आणि नव्या सिनेमांची घोषणा झाली. १९८३ सालच्या कथेचा खराखुरा पुढचा भाग आता येणार होता, तोही बत्तीस वर्षांनी! पुन्हा तीच अधीरता, त्याच रांगा. नोव्हेंबर २०१४ मध्ये पहिली झलक आली. पहिल्याच दृश्यात साम्राज्याच्या पांढऱ्या चिलखतातला एक घामाघूम सैनिक वर उठतो. तो कृष्णवर्णीय आहे. लंडनच्या पेकहॅम वस्तीत नायजेरियन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला जॉन बॉयेगा.

झाले! 'या चिलखतात काळा माणूस कसा?' असा गलका काही लोकांनी केला. ज्या कथेत केसाळ प्राणी विमान चालवतो, बुटका हिरवा म्हातारा तत्त्वज्ञान सांगतो, त्या कथेत यांना खटकला तो काळा माणूस. खरे तर या कथेतला सर्वात गाजलेला आवाज, डार्थ वेडरचा, तो जेम्स अर्ल जोन्स या कृष्णवर्णीय नटाचाच होता. आवाज चालला, चेहरा चालेना. बॉयेगाने चिडून भांडण केले नाही. 'सवय करून घ्या' एवढ्याच अर्थाचे उत्तर त्याने हसून दिले.

'द फोर्स अवेकन्स' हा सिनेमा डिसेंबर २०१५ मध्ये आला आणि त्याने जगभरात दोनशे कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. अमेरिकेत १८ डिसेंबरला लागलेला हा सिनेमा आपल्याकडे आठवडाभर उशिरा, २५ डिसेंबरला लागला, कारण १८ तारखेला 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले' यांनी थिएटरे अडवलेली होती.

२०१७ सालच्या 'द लास्ट जेडाय' या पुढच्या भागात केली मेरी ट्रॅन या अभिनेत्रीने यंत्रदुरुस्ती करणाऱ्या रोझ या कामगार मुलीची भूमिका केली. तिचे आईवडील व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेले. या मालिकेतल्या सिनेमात इतकी महत्त्वाची भूमिका मिळवणारी ती पहिलीच गौरेतर स्त्री. सिनेमा पुष्कळांना आवडला नाही, ते ठीक. पण तिच्या वर्णावर, चेहऱ्यावर, अंगकाठीवर इतकी घाण ओतली गेली की जून २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचे आपले सगळे फोटो आणि मजकूर काढून टाकला. ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये तिने लेख लिहिला. लोकांनी जे लिहिले त्यावर आपण हळूहळू विश्वास ठेवू लागलो होतो, ही त्यातली सर्वात बोचरी कबुली. लेखाच्या शेवटी तिने सांगितले की, लोक आपल्याला केली म्हणून ओळखत असले तरी आपले खरे नाव लोन हे आहे आणि आपली आता कुठे सुरुवात आहे.

जमावाची शिवी ऐकता ऐकता माणूस स्वतःच स्वतःला कमी लेखू लागतो. सर्वात मोठे नुकसान ते. बाहेरचा अपमान धुता येतो, आत मुरलेला लवकर निघत नाही.

पुढच्या, २०१९ सालच्या भागात तिचे काम अगदी थोडके उरले. बॉयेगाने २०२० साली एका मुलाखतीत स्पष्ट सांगितले की, कृष्णवर्णीय पात्राला जाहिरातीत पुढे ठेवायचे आणि कथेत मात्र कडेला सारायचे, हे योग्य नव्हे. त्याच वर्षी ३ जूनला लंडनच्या हाइड पार्कमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येच्या निषेधार्थ लोक जमले होते. तिथे कर्णा हातात घेऊन तो बोलला, रडला. यानंतर आपल्याला काम मिळेल की नाही ठाऊक नाही, पण त्याची पर्वा नाही, असे तो म्हणाला. पडद्यावर बंडखोर होणे सोपे असते. पोटावर पाय येण्याची शक्यता असताना भर चौकात बोलणे अवघड असते.

उभे राहून टाळ्या

ही गोष्ट इथेच संपली असती तर मी ती लिहिली नसती. एप्रिल २०१९ मध्ये शिकागो शहरात या सिनेमाच्या चाहत्यांचा मोठा मेळावा भरला. केली मेरी ट्रॅन व्यासपीठावर आली आणि हजारो लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. तिला डोळे पुसावे लागले. त्याच मेळाव्यात 'फँटम मेनेस'ला वीस वर्षे झाल्याचा कार्यक्रम होता. तिथे अहमद बेस्ट आला, त्यालाही लोकांनी उभे राहून मानवंदना दिली.

हे लोक कोण होते? त्यांतले पुष्कळसे १९९९ साली सहा-सात-आठ वर्षांचे होते. त्यांना जार जार आवडला होता! मोठी माणसे थिएटरबाहेर कपाळाला हात लावत होती तेव्हा ही पोरे त्याच्या धडपडण्यावर खळखळून हसली होती. पण त्या वेळी त्यांना कुणी विचारले नव्हते. ती मोठी झाली तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला.

पुढे मार्च २०२३ मध्ये 'द मँडलोरियन' या मालिकेच्या एका भागात अहमद बेस्ट या कथेच्या पडद्यावर परत आला. या वेळी मुखवटा नाही, स्वतःच्या चेहऱ्याने. वेढ्यात सापडलेल्या एका लहान बाळाला वाचवणाऱ्या शूर योद्ध्याच्या भूमिकेत. आणि मे २०२४ मध्ये 'फँटम मेनेस' पंचवीस वर्षे झाल्यानिमित्त पुन्हा थिएटरांत लागला, तेव्हा त्या आठवड्याच्या कमाईत अमेरिकेत तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. ज्या सिनेमाला बुडवायला लोक निघाले होते तोच पाहायला त्यांची पुढची पिढी तिकीट काढून आली.

आपल्या घरात

वाचकहो, तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या नटांचे आपल्याला काय? मोबाईल आज आपल्या प्रत्येक घरात आहे. आपला मुलगा क्रिकेटवीराला, नटीला, गाणाऱ्या मुलीला चार शब्द लिहितो आणि फोन खिशात टाकून जेवायला बसतो. ते चार शब्द दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी डोळ्यांसमोर उघडतात. एकट्याच्या चार शब्दांनी काही बिघडत नाही असे त्याला वाटते. पण तसे वाटणारे लाखभर असतात आणि समोर माणूस एकच असतो. लाख भागिले एक, हा हिशेब मुलांना समजावून दिला पाहिजे.

मग नावडते ते नावडते म्हणायचे नाही काय? अवश्य म्हणायचे. प्रश्न विचारायला आपल्याला शिकवलेलेच आहे. गाणे बेसूर असेल तर बेसूर म्हणा, सिनेमा फसला तर फसला म्हणा, का फसला तेही सांगा. सिनेमात कुणाची जात, वर्ण, बोली यांची चेष्टा असेल तर जरूर जाब विचारा, पण ज्याच्या हाती निर्णय होता त्याला विचारा. कामाबद्दल बोलताना माणसाच्या रंगावर, रूपावर, बोलण्यावर, जगण्यावर घसरायचे नाही, एवढी एक रेघ घरात आखून ठेवली तरी पुष्कळ आहे.

आणि दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. आपल्या मुलीला उद्या कुणी शाळेच्या संमेलनातल्या कामावरून चिडवले, मुलाची कुणी मोबाईलवर खिल्ली उडवली आणि तो गप्प गप्प राहू लागला, जेवणावरून लवकर उठू लागला, तर 'त्यात काय एवढे' म्हणून उडवून लावू नका. जवळ बसवा, विचारा, पुन्हा विचारा. गरज पडली तर डॉक्टरांकडे न्या, त्यात कमीपणा नाही. अहमद बेस्ट जगला म्हणून त्याला मुलगा लाभला आणि त्या मुलाला बाप लाभला.

सिनेमासाठी रांगेत जरूर उभे राहावे. सोळा वर्षे वाट पाहावी, आवडला तर डोक्यावर घ्यावा, नाही आवडला तर पैसे बुडाले म्हणून हळहळावे. घरी येताना मात्र एवढे लक्षात असू द्यावे की, पडद्यावर जो पडला-धडपडला तोही आपल्यासारखाच दिवसभराचे काम आटोपून घरी जाणारा माणूस होता.